बोगद्यातलं सीमांतपूजन

"या देशात दोन सरकारं आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी सार्वभौम आहेत. हे ज्याला कळलं त्याला भारत कळला," बाबा म्हणाले, आणि आमची मोटार गुडघाभर पाण्यात बंद पडली.

लतीफभाईंनी किल्ली फिरवली. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवली. या वेळी ती खोकलीही नाही.

"इंजिनात पाणी गेलं, साहेब."

"मग काढा," बाबा म्हणाले.

त्या दिवशी माझं लग्न होतं. फुलांच्या माळा सोडलेल्या भाड्याच्या अँबॅसिडरमध्ये, मागच्या सीटवर, मी फेटा बांधून मधोमध बसलो होतो. एका बाजूला बाबा, म्हणजे भालचंद्र टिल्लू, रेल्वेच्या मंडल कार्यालयात इंजिनिअरिंग शाखेचे अधीक्षक. दुसऱ्या बाजूला त्यांची थोरली बहीण, मनूआत्या. तिला हुद्दा नव्हता, पण अधिकार बाबांपेक्षा जास्त होते. डोक्यावर रेल्वेचे रूळ. समोर, बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी, माघातलं कोवळं ऊन, एक चौरंग, एक बँड आणि माझ्या सासरची मंडळी. त्यांच्या आणि आमच्या मध्ये पाणी. मुहूर्ताला पाऊण तास.

लोहटाकळी गावात शिरायला हा एकच धड रस्ता. पूर्वी रुळांवर फाटक होतं. मग रेल्वेने रुळांखाली काँक्रीटची पेटी ढकलून बोगदा करून दिला आणि फाटक उचलून नेलं. पेटी केंद्र सरकारची. तिच्यात उतरणारा आणि तिच्यातून वर चढणारा रस्ता राज्य सरकारचा. शेजारून राज्याचाच कालवा. रब्बीचं पाणी सुटलं की कालव्याचा पाझर उतारावरून येऊन केंद्र सरकारच्या पेटीत मुक्काम करी. हल्ली तिथे पंप बसवलाय म्हणतात. पंप राज्याचा आहे आणि जागा केंद्राची, त्यामुळे तो बघायला फार छान दिसतो.

पण हे आत्ताचं. मी सांगतोय ते बत्तीस वर्षांपूर्वीचं.

आम्ही या बोगद्यात आलो कशाला, हे सांगायला हवं. रेल्वेच्या माणसाने मुलाच्या लग्नाला भाड्याच्या मोटारीतून जावं ही सोपी गोष्ट नाही. आमचं बाकीचं वऱ्हाड, आईसकट, आदल्या संध्याकाळी पासावर पॅसेंजरने जाऊन सुखरूप पोचलं होतं. आम्ही तिघं मागे राहिलो ते याद्यांमुळे.

लग्न ठरलं की आमच्यात याद्या होतात. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर घेतात. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नीळकंठराव घांगुर्डे आले होते, म्हणजे माझे होणारे सासरे. राज्याच्या बांधकाम खात्यात उपअभियंता. उंच, किंचित वाकलेले, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ प्रभाकरकाका, ज्यांना बोलण्याआधी काहीच करायची सवय नव्हती. पोहे झाले. बाबांनी कागद पुढे ओढला आणि त्यावर दोन उभ्या रेघा मारल्या.

"घटनेत तीन सूची आहेत," ते म्हणाले. "केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. आपण तसंच करू. पुढे भानगड नको."

"यात केंद्र कोण?" प्रभाकरकाकांनी विचारलं.

बाबांना प्रश्नच कळला नाही. "अहो, वरपक्ष."

केंद्रसूचीत आलं ते असं: मुहूर्त ठरवणं, पक्वान्न ठरवणं, मानपान किती ते ठरवणं. राज्यसूचीत: कार्यालय, जेवण, बँड, आणि मानपान प्रत्यक्षात देणं. समवर्ती सूचीत बराच विचार करून भटजी टाकले.

"आणि समवर्तीत दोघांचं जमलं नाही तर?" प्रभाकरकाका.

"केंद्राचं चालतं. घटनेतच आहे. मी नाही लिहिलं."

"आणि तिन्ही याद्यांत नसलेलंच काही निघालं तर?"

"त्याला शेषाधिकार म्हणतात. तेही केंद्राकडे." बाबांनी आत्याकडे हात केला. "ते ही बघेल."

प्रभाकरकाकांनी भावाकडे पाहिलं. नीळकंठराव हसले. "चालेल," ते म्हणाले. "मला सवय आहे."

त्यांनी त्या दिवशी एकच गोष्ट मागितली. "पान जरा कमी धरलं तर? दोनशे? गाव लहान आहे."

बाबा मागे रेलले. "तत्त्वतः हरकत नाही," ते म्हणाले, "परंतु..."

आता बाबांविषयी सांगतो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यात कुणालाही नाही म्हटलं नाही. तत्त्वतः तर कधीच नाही. सायकल मागितली तेव्हा मला, नोकरी करायची म्हणाली तेव्हा आईला, पगारवाढ मागायला आला तेव्हा दूधवाल्याला, सगळ्यांना हे एकच वाक्य. "परंतु"च्या पुढे काय येईल हे त्या त्या दिवशीच्या हवेवर असे.

ते वाक्य ऐकून नीळकंठरावांनी मान वर केली. गर्दीत कुणी आपल्याला नावाने हाक मारावी तशी. ते बाबांकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही, नाही," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं आहे तसंच करू."

बाबांना वाटलं, आपला मुद्दा पटला.

आणि उठता उठता आत्याने शेषाधिकार वापरला. हल्ली कार्यालयातच या खोलीतून त्या खोलीत गेलं की सीमांतपूजन झालं म्हणतात, ते तिला मान्य नव्हतं. "सीमांत म्हणजे गावची शीव. तिथेच मुलाचे पाय धुवायचे. आणि पाय धुतल्याशिवाय नवरा मुलगा गावात पाऊल टाकणार नाही." हे ठरलं आणि मग लक्षात आलं की स्टेशन गावाच्या आत आहे. म्हणजे गाडीने गेलो तर मी न धुतलेल्या पायांनी थेट गावात उतरणार. म्हणून मोटार. म्हणून रस्ता. म्हणून बोगदा.

तर, बोगदा.

"टिल्लूसाहेब, काळजी करू नका!" पलीकडून नीळकंठरावांचा आवाज आला. बोगद्यात आवाज घुमायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येई. "चार माणसं पाठवतो, ढकलत आणतील!"

"थांबा!" आत्या ओरडली. "पूजेच्या आधी कुठे आणताय? शीव कुठे आहे तुमची?"

तिकडे जरा कुजबुज झाली. प्रभाकरकाका खरं बोलून गेले. "शीव तशी रुळांखालीच आहे, आत्याबाई! चौरंग पाण्यामुळे थोडा अलीकडे मांडलाय!"

"अलीकडे म्हणजे गावात!"

"वीस पावलं!"

"वीस काय न् दोन काय. शीव इथे आहे, मुलगा इथे आहे. पूजा इथे करा."

"आत्या, मी उतरून तिथे जातो," मी म्हणालो. "पाणीच तर आहे."

"तू गप्प बस. धुवायच्या आधी पाय भिजवतोस?"

"मग इथेच पाण्यात उभा राहतो."

"उभ्या माणसाची पूजा करतात का कधी?"

"विठोबाची करतात."

"तू विठोबा नाहीस," आत्या म्हणाली, आणि माझ्या उपरण्याचं टोक तिने आपल्या मुठीत धरून ठेवलं. ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

पलीकडे भटजींनी घड्याळ बघून काहीतरी सांगितलं. तिकडच्या बायका हलल्या. हा मुहूर्त हुकला की पुढचा थेट वैशाखात, हे दोन्हीकडे ठाऊक होतं. आणि आत्याने ते जास्तच स्पष्ट केलं. "मुहूर्त चुकला तर आम्ही इथूनच परत! मग आम्हाला बोल लावायचा नाही!" परत, परत, असं बोगदा म्हणाला. शरयू, म्हणजे माझी नवरी, तेव्हा कार्यालयात गौरीहरापाशी बसली होती. पुढे तिने सांगितलं, की कुणीतरी पळत येऊन "केंद्र अडून बसलंय" एवढंच म्हणालं होतं.

बाबांना मात्र या सगळ्यात गंमत वाटत होती. त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"घांगुर्डे! ही रेल्वेची हद्द आहे बरं का! इथे राज्य सरकारला पूजा करायची तर परवानगी लागेल! अर्ज करा! तत्त्वतः हरकत नाही!"

लतीफभाई हसले. आत्या हसली. मीही हसलो, वडिलांच्या विनोदाला हसायची घरातली पद्धत होती. आमचं हसू पलीकडच्या तोंडापर्यंत गेलं आणि तिथून एकटंच परत आलं. तिकडे कुणी हसलं नव्हतं.

"हे बघा," बाबा आता रंगात आले होते, "दोष कुणाचा हे घटनेतच आहे! रेल्वे केंद्राची. आमची पेटी बघा, आहे का कुठे तडा? पाणी हा विषय राज्याचा. रस्ता राज्याचा. राज्याने निचरा केला नाही तर केंद्र काय करणार? सांगा, आहे का उत्तर?"

"दादा, सांग ना!" प्रभाकरकाका कडाडले. "सांग की त्यांना एकदा!"

"प्रभाकर, तांब्या भरून घे," नीळकंठराव म्हणाले. मग आमच्या दिशेने, शांतपणे, "बरोबर आहे, टिल्लूसाहेब. चूक राज्याची आहे. आम्ही येतो तिकडे."

आणि ते पाण्यात उतरले.

अंगावर तांबडा कद, खांद्यावर उपरणं, हातात ताम्हण. त्यांच्या मागून माझ्या सासूबाई, हिरवा शालू गुडघ्यापर्यंत वर खोचून, हातात तबक, तबकात हळदकुंकू, नारळ आणि तेवणारं निरांजन. त्यांच्या मागे तांब्या घेतलेले प्रभाकरकाका, चेहरा असा की तांब्या फेकून मारतील. खाली गाळ होता. प्रत्येक पाऊल टाकून, चाचपून, मग दुसरं. सासूबाई एकदा घसरल्या. त्यांनी स्वतःला नाही, निरांजन सावरलं. बँडवाल्यांना काय करावं कळेना. त्यांनी एक लग्नाची धून सुरू केली, दोन ओळी वाजवल्या आणि आपणच थांबले.

मी हे सगळं मोटारीच्या काचेतून बघत होतो. सीट मऊ होती.

ते जवळ आले, तशी लतीफभाईंनी पुढून उतरून आत्याच्या बाजूचं दार उघडलं. दारातून पाणी आत आलं. आत्याने पाय वर घेतले आणि मला आपल्यावरून पुढे सरकवलं. मी पाय बाहेर सोडले. नीळकंठरावांनी पाण्यात उभं राहून, कंबरेत वाकून, माझ्या पायांखाली ताम्हण धरलं. सासूबाईंनी तांब्यातून पाण्याची धार धरली, ते पाय चोळू लागले.

माझे पाय स्वच्छ होते. सकाळीच तेल लावून, उटणं लावून अंघोळ झालेली. त्यांच्या हातांना बोगद्यातला गाळ लागलेला होता. त्यामुळे धुऊन माझे पाय जरा मळले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात कदाला पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतलं.

"राहू द्या ना," मी म्हणालो.

"असं कसं," ते म्हणाले. "आज तुम्ही विष्णू आहात."

तेवढ्यात वरून मालगाडी गेली. सगळा बोगदा थरथरला. छताच्या सांध्यातून गार पाण्याचे थेंब नीळकंठरावांच्या मानेवर, पाठीवर पडू लागले. डबे संपतच नव्हते. ते तसेच वाकून उभे राहिले, माझे पाय धरून. बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"वेळेवर आहे," गाडी गेल्यावर बाबा सवयीने म्हणाले.

मग औक्षण. सासूबाईंनी निरांजन उचललं आणि माझ्या चेहऱ्याभोवती फिरवलं. त्या उजेडात बोगद्याची भिंत पहिल्यांदा नीट दिसली. पांढऱ्या चौकोनात काळ्या रंगाने आकडा काढलेला होता. रेल्वे आपल्या प्रत्येक पुलावर काढते तसा. एकशे चौऱ्याहत्तर.

मी तो वाचला. आत्याच्या पलीकडे बाबांनीही वाचला. मला ते न बघता कळलं, कारण त्यांचं बोलणं थांबलं.

एकशे चौऱ्याहत्तर हा आमच्या घरी आकडा नव्हता, गोष्ट होती. बाबांच्या टेबलावर दीडशेच्या वर पूल होते आणि त्यांतला एकही त्यांनी पाहिलेला नव्हता. कागदांवर गावाचं नाव नसे, फक्त आकडा असे; ते पूल त्यांना फायलीच्या जाडीवरून ओळखू येत. सगळ्यांत जाड फाइल एकशे चौऱ्याहत्तरची. त्या पुलाखाली साचणारं पाणी रेल्वेच्या हद्दीतून नाल्यात सोडायला राज्याच्या बांधकाम खात्यातला कुणीतरी इसम चार वर्षं परवानगी मागत होता. एक पाइप. फक्त एक पाइप. पत्रांवर सह्या दोन्हीकडच्या साहेबांच्या असत, पण लिहिणारा कुणी एक चिवट माणूस आहे हे बाबांनी ओळखलं होतं. आणि बाबांनी त्याला कसा खेळवला हे आम्ही रात्रीच्या जेवणाला ऐकत असू. आधी म्हणे नकाशा सहा प्रतींत द्या. त्याने दिला. मग देखरेखीचं शुल्क भरा. त्याने वरून मंजूर करून आणलं. मग लिहून द्या, की राज्याचं पाणी केंद्राच्या जमिनीतून जाताना कुठेही थांबणार नाही. "पाण्याची हमी मागितली त्याच्याकडे!" बाबा सांगत, आणि आम्ही ताटावर ठसका लागेपर्यंत हसत असू. बाबांच्या प्रत्येक पत्राची सुरुवात एकच. ती इंग्रजीत असे, पण चाल तीच.

"नीळकंठराव," बाबा म्हणाले. त्यांनी घांगुर्डे सोडून त्यांना नावाने हाक मारली, ती पहिल्यांदा. "हा एकशे चौऱ्याहत्तर का?"

"हो."

"ते पाइपाचं..."

"हो. तेच."

"ती पत्रं तुम्ही लिहीत होतात?"

"मसुदा माझा असे." नीळकंठराव माझे पाय उपरण्याने पुसत होते. बोटांच्या मधून. "तुमचा मसुदा फार चांगला असतो, टिल्लूसाहेब. मी आमच्या कारकुनांना वाचायला देतो."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"याद्यांच्या दिवशी. दोनशे पानांचं मी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, तत्त्वतः हरकत नाही, परंतु. चार वर्षं वाचतोय ते वाक्य. कानाने पहिल्यांदा ऐकलं."

आत्याला यातलं काही कळत नव्हतं; ती एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"मग त्याच दिवशी बोलायचं नाही का, मला?" बाबांचा आवाज चिरका झाला होता. रागावले असावेत असं वाटलं असतं कुणालाही. "समोर बसला होतात! पोहे खात होतात!"

"त्या दिवशी मी राज्य सरकार नव्हतो. मुलीचा बाप होतो."

"म्हणून काय झालं?"

नीळकंठरावांनी चष्मा पुसण्यासाठी हात वर नेला, पण हात ओले होते. ते तसेच बोलले. "तुम्ही मंजुरी दिली असतीत, तर सगळा तालुका म्हणाला असता की घांगुर्ड्याने मुलगी देऊन पाइप घेतला. आणि नसती दिलीत, तर शरयूने त्या घरात जेवताना रोज काय ऐकायचं? मला दोन्हींतलं एकही नको होतं. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. एखादं वर्ष जाऊ दे. मग पुन्हा एक पत्र लिहू."

जेवताना. ते सहज बोलले. आमच्या जेवणांची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिलो, कारण खाली बघितलं की माझे पाय दिसत होते.

"दोन पिढ्यांची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन या पाण्यातून जायची वेळ आणलीत," प्रभाकरकाका म्हणाले. चार वर्षांत दोन पिढ्या कशा होतील हा हिशोब त्या वेळी कुणी विचारला नाही. "आणि लोक दगड मारतात ते कुणाच्या दारावर? दादाच्या! दिल्ली लांब पडते ना त्यांना!"

"प्रभाकर," सासूबाई म्हणाल्या, "नारळ दे इकडे."

नारळ माझ्या हातात आला. शेला माझ्या खांद्यावर आला. विष्णूला पेढा भरवण्यात आला.

"व्याहीभेट राहिली," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

व्याहीभेटीला दोन्ही व्याही एकमेकांना उराउरी भेटतात. बाबा मोटारीच्या त्या टोकाला, नीळकंठराव या टोकाला पाण्यात. बाबांच्या पायांत नवे बूट होते, अंगात शिवून आणलेला सूट होता. त्यांनी आपल्या बाजूच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. खाली पाण्याकडे बघितलं. हात मुठीवरच राहिला. मग ते सीटवरून सरकत, आत्यावरून, माझ्यावरून वाकत या दारापर्यंत आले आणि तिथून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले. नीळकंठराव आत झुकले. माझा फेटा दोघांच्या मध्ये चेपला गेला. कद ओला होता, सूट कोरडा होता, आणि मी दोघांच्या मध्ये होतो, त्यामुळे बाबा रडत होते हे मला त्यांच्या पोटाच्या हलण्यावरून कळलं.

"उरका आता!" भटजी पलीकडून ओरडले. "मंगलाष्टकं मी काय बोगद्यात म्हणू?"

मग सगळ्यांनाच भान आलं. नीळकंठरावांनी हाक दिली. बँडमधले दोघे, मांडववाला, दोन शेजारी, सगळे पाण्यात उतरले. दारं बंद झाली. लतीफभाईंनी बाहेरूनच स्टिअरिंग धरलं. प्रभाकरकाकांनी तांब्या टपावर ठेवला आणि मागे खांदा लावला. नीळकंठराव त्यांच्या शेजारी उभे राहिले. मी मागच्या काचेतून बघितलं. पूजा करणारा माणूस दोन मिनिटांत ढकलणारा झाला होता, आणि मूर्ती आतच होती.

"जोर लगा के!" कुणीतरी म्हणालं.

मोटार हलली नाही. चाकं गाळात बसली होती. पुन्हा जोर झाला. मोटार पुढे झुकली, माळा हलल्या, आणि ती आपल्या जागी परत आली. तिसऱ्यांदा मांडववाला तोंडावर पाण्यात पडला.

बाबांना ते सहन होईना. त्यांनी काच पूर्ण खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागे वळून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नीळकंठराव! थांबा. इकडे या. आधी इकडे या!"

नीळकंठराव काठाकाठाने पाणी कापत खिडकीशी आले. धाप लागली होती.

"मागा," बाबा म्हणाले. "काय हवं ते मागा. उद्या सोमवार. मी स्वतः फाइल साहेबांपुढे ठेवतो. एक पाइप नाही, दोन घ्या. शुल्क नको, हमी नको, नकाशा नको. आजपर्यंत मी कुणाला असं म्हटलेलं नाही. आज 'परंतु' नाही, नीळकंठराव. तुम्ही फक्त मागा."

मांडववाला तोंडावरचा गाळ पुसायचा थांबला. प्रभाकरकाका मागून भावाकडे डोळे मोठे करून बघत होते, माग, माग, म्हणून. पलीकडे भटजीसुद्धा घड्याळ विसरले. चार वर्षांची पत्रं, सहा प्रती, पोरांची दप्तरं, दारावरचे दगड, सगळं त्या एका खिडकीत येऊन उभं होतं, आणि केंद्र सरकार स्वतः होऊन विचारत होतं.

नीळकंठरावांनी खिडकीत वाकून आधी बाबांकडे, मग माझ्याकडे, मग आत्याकडे पाहिलं. त्यांना बोलायला संकोच वाटत होता हे दिसत होतं.

"एक लहानशी विनंती होती," ते म्हणाले.

"बोला ना!"

"तिघंही जरा खाली उतरता का? गाडी हलकी होईल."